गृहशिक्षण

गृहशिक्षण : मुलांना पूर्णवेळ शाळेत न पाठवता त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी आईवडिलांनी स्वतःकडे घेण्याची पद्धत. बोलण्यात ‘होमस्कूलिंग’ हाच शब्द जास्त चालतो. शाळा सुटल्यावर घरी घेतलेला अभ्यास, शिकवणी किंवा शाळेने पडद्यावर भरवलेले वर्ग यांत मोडत नाहीत. काय शिकायचे, कधी शिकायचे आणि आले की नाही हे कसे पाहायचे, हे तिन्ही निर्णय पडद्यावरच्या वर्गात शाळेकडेच राहतात. गृहशिक्षणात ते घराकडे येतात. प्रत्येक विषय आईनेच किंवा वडिलांनीच शिकवला पाहिजे असे मात्र नाही; गणित आजोबांकडे आणि संगीत बाहेरच्या गुरूंकडे, अशी वाटणी सर्रास असते.

पूर्वपीठिका : सक्तीची शाळा ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात १७६३ साली दुसऱ्या फ्रेडरिकच्या फर्मानाने ती आली, तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५२ मध्ये तसा पहिला कायदा केला. त्याआधी घरी शिकणे हे काही वेगळे पाऊल नव्हते. ज्यांना परवडे त्यांची मुले घरीच शिकत, आणि ज्यांना परवडत नसे त्यांची बहुधा शिकतच नसत.

त्या काळातले सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचे. वडील जेम्स मिल यांनी त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन सुरू करून दिले. ते स्वतः तेव्हा हिंदुस्थानचा इतिहास लिहिण्यात गढलेले होते आणि मुलगा त्याच टेबलाशी बसून ग्रीक वाचत असे. ग्रीक शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा कोश हाताशी नव्हता, त्यामुळे अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांना विचारी आणि ते लेखणी थांबवून सांगत. मिलच्या विद्वत्तेचे सगळे कौतुक करतात. पण या व्यवस्थेची किंमत त्या थांबणाऱ्या लेखणीत दिसते. दुसरी किंमत मुलाने मोजली. वडिलांनी त्याला इतर मुलांपासून दूर ठेवले, धाकट्या भावंडांना शिकवण्याचे नावडते काम त्याच्याकडे दिले, आणि विशीत, १८२६ साली, तो खोल नैराश्यात गेला. त्यातून बाहेर आल्यावर त्याने या शिक्षणाची जमाखर्चाची दोन्ही पाने स्वतःच लिहून ठेवली आहेत.

आजची चळवळ १९७० च्या दशकातली. शाळेत शिकवून निराश झालेले अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक सुरू केले. मूल आपल्या कुतूहलाने शिकते, त्याला अभ्यासक्रमाच्या दावणीला बांधू नये, हा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास धार्मिक कुटुंबेही शाळेबाहेर पडू लागली होती. त्यांचा आग्रह नेमका उलटा, म्हणजे मुलांना आपल्या श्रद्धेच्या चौकटीत वाढवायचे. एरवी एका पंक्तीला न बसणारे हे दोन गट एकाच मागणीसाठी न्यायालयांत आणि विधिमंडळांत लढले, आणि १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले. १९९९ मध्ये तिथे सुमारे साडेआठ लाख मुले, म्हणजे शालेय वयाच्या मुलांपैकी १.७ टक्के, घरी शिकत होती. २०२० च्या महासाथीत घरी शिकवतो असे सांगणारी कुटुंबे वसंतात ५.४ टक्के होती, ती शरद ऋतूपर्यंत ११.१ टक्क्यांवर गेली.

कायदा : निर्णयाची पहिली पायरी हीच, आणि उत्साहाच्या भरात नेमकी तीच राहून जाते. जर्मनीत शाळा सक्तीची आहे, घर हा पर्याय जवळजवळ नाहीच. तिथे एका कुटुंबाची मुले २०१३ मध्ये तीन आठवडे पालकांपासून काढून घेतली गेली, आणि त्यात कुटुंबजीवनाच्या हक्काचा भंग झालेला नाही असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. स्वीडनमध्ये फक्त अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळते. फ्रान्समध्ये पूर्वी नुसते कळवले की पुरे होते. २०२१ च्या कायद्यानंतर आधी परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी आजारपण किंवा अपंगत्व, खेळ किंवा कलेचा कसून सराव, फिरते अथवा दूरचे वास्तव्य, किंवा मुलाची स्वतःची खास परिस्थिती यांपैकी कारण दाखवावे लागते. ऑस्ट्रियात मुभा आहे, पण वर्षाअखेर शाळेत परीक्षा द्यायची. नापास झाले तर शाळेत परत. डेन्मार्कमध्ये सक्ती शिक्षणाची आहे, शाळेची नाही. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात मुलाला शाळेत पाठवून ‘किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण द्यावे असे म्हटले आहे, आणि तिथले सगळे गृहशिक्षण त्या ‘अन्य प्रकारे’वर उभे आहे. भारतातला २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानतो, पण न घालणाऱ्या पालकांना शिक्षा सांगत नाही. गृहशिक्षणाचे नावही घेत नाही.

कायद्याबरोबरच एक प्रश्न तेव्हाच विचारून ठेवावा : शाळेबाहेरच्या मुलाला मान्यताप्राप्त परीक्षेला बाहेरून बसता येते का, कोणत्या वयापासून, आणि प्रयोगवह्यांसारख्या अंतर्गत गुणांचे काय. मूल सहा वर्षांचे असताना हे दूरचे वाटते. तेरा वर्षांचे झाल्यावर धावाधाव होते.

निर्णय : घरी शिकवण्याची कारणे ढोबळमानाने दोन जातींची. एक, शाळेत काही बिनसले आहे : मुलाला छळले जाते, वाचनातली अडचण ‘आळस’ म्हणून खपवली जाते, आजारपणामुळे हजेरी जमत नाही. दुसरी, घराला काही वेगळे हवे आहे. पहिल्या जातीचे कारण असेल तर तक्रार या शाळेशी आहे की शाळा नावाच्या व्यवस्थेशी, हे आधी तपासावे. एका शिक्षकाशी किंवा वर्गातल्या दोन मुलांशी भांडण असेल, तर तुकडी किंवा शाळा बदलणे फार स्वस्तात पडते. मात्र रोज सकाळी पोटात दुखणाऱ्या मुलाला तत्त्वचर्चा संपेपर्यंत तिथे ठेवण्यात अर्थ नाही. वर्षभराचा विसावा म्हणूनही गृहशिक्षण घेता येते, ती काही जन्माची शपथ नव्हे.

त्यानंतरचा खरा प्रश्न अभ्यासक्रमाचा नसून मोठ्या माणसाच्या दिवसाचा आहे. ‘मला दहावीचे बीजगणित येईल का’ ही धास्ती बहुतेकांना असते, पण बीजगणित शिकता येते किंवा शिकवणारा शोधता येतो. रोज दुपारी साडेतीनला, डोके दुखत असताना, तोच प्रश्न चौथ्यांदा ऐकून घेणारा माणूस विकत मिळत नाही. म्हणून कागदावर लिहावे : घरात कोण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत खरोखर मोकळे आहे, एकाची नोकरी सुटली किंवा अर्धी झाली तर घरखर्च कसा चालेल, आणि शिकवणारे माणूस आजारी पडले तर काय. दोघांपैकी एकाचा मनातून विरोध असेल तर सुरू करू नये. पहिल्या वाईट आठवड्यात तो विरोध वर येतो आणि मूल त्या भांडणाचा विषय होते.

मुलाला काय हवे हेही विचारायचे. दहा वर्षांच्या, मैत्रिणींशिवाय जेवण न जाणाऱ्या मुलीला घरी बसवणे आणि गोंगाटाने गांगरणाऱ्या तिच्या भावाला घरी ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक शाळेत, एक घरी, असेही चालते.

‘समाजात मिसळणार कशी?’ हा प्रश्न नातेवाईक इतक्यांदा विचारतात की गृहशिक्षणवाले तो हसण्यावारी नेतात. ते चूक आहे. घरी शिकणारी मुले मोठ्यांशी बहुधा छान बोलतात. उणीव पडते ती रोजच्या त्याच त्या सवंगड्यांची, ज्यांच्याशी सोमवारी कट्टी आणि मंगळवारी बट्टी होते. शाळेत हे आपोआप होते. घरी ते घडवून आणावे लागते, म्हणजे कोणीतरी आठवड्यातून तीनदा मुलाला खेळाच्या मैदानावर किंवा दुसऱ्या कुटुंबाकडे पोहोचवत राहावे लागते.

टीकाकारांचा आणखी एक मुद्दा वजनदार आहे. घरात आबाळ किंवा मारहाण होत असेल, तर ती अनेकदा प्रथम शिक्षकाच्या नजरेस येते. घरी शिकणाऱ्या मुलाला ती बाहेरची नजर नसते. नोंदणी आणि वार्षिक पाहणीची मागणी यातूनच येते. उलट बाजूने, घरी शिकलेली मुले परीक्षांत सरस ठरतात असे आकडे पुढे केले जातात. त्यांतले बरेच अभ्यास स्वखुशीने भाग घेणाऱ्या कुटुंबांवर बेतलेले आहेत, तेव्हा ते हातचे राखूनच वाचावेत.

सुरुवात : शाळेचा पट सोडताना दाखला, प्रगतिपुस्तके आणि लेखी अर्जाची पोच जपून ठेवावी. पुढचे काही आठवडे काहीच ‘शिकवू’ नये, असे या वाटेवरचे जुने लोक सांगतात. शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना विश्रांती, असा त्यांचा ठोकताळा आहे. तो संशोधनातून आलेला नाही, पण दुखावून बाहेर आलेल्या मुलाच्या बाबतीत शहाणपणाचा आहे.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे घरात शाळा मांडणे. फळा येतो, भिंतीवर वेळापत्रक लागते, नऊ ते पावणेदहा भाषा, मग गणित. सात वर्षांच्या मुलाचा दिवसाचा अभ्यास साडेदहालाच संपतो आणि आई घाबरते, कारण शाळा तर पाच-सहा तास चालायची. त्या तासांत हजेरी होती, तीस मुले शांत होण्याची वाट होती, फळ्यावरून उतरवून घेणे होते. एकट्या मुलाला सहा-सात वर्षांच्या वयात बसून करायचा अभ्यास दीड-दोन तास पुरतो, मोठेपणी तीन-चार, आणि तोही पुष्कळसा आपला आपण. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) लहानांना पंधरा-वीस मिनिटांचेच पाठ देत आणि वाचलेले लगेच मुलाच्या शब्दांत सांगायला लावत. ही एक युक्ती कोणत्याही पद्धतीत चालते. तयार अभ्यासक्रम, मेसनची वाट, होल्टची मोकळीक यांतले काहीही घ्या. पहिल्या वर्षी बहुतेक घरे दोनदा तरी बदलतात, म्हणून महागडा संच आधीच घेऊ नये.

घराचा फायदा कुठे आहे हे एका कागदाच्या पट्टीत दिसते. अपूर्णांक शिकणाऱ्या मुलाला विचारले, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? तो म्हणतो, अष्टमांश, कारण आठ मोठे. वर्गात हे उत्तर खोडले जाते आणि तास पुढे जातो. घरी पट्टीची घडी घालता येते : दोन भाग, चार, आठ. अष्टमांशाचा तुकडा कापून चतुर्थांशावर ठेवला की तो पुरत नाही. मुलगा अष्टमांशाचा दुसरा तुकडा शेजारी लावतो, आता बरोबर झाकले जाते. त्याला अर्धा तास त्या दोन तुकड्यांशी खेळत बसू द्यायला कुणाची हरकत नसते.

रोजची नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी. ‘आज गणित छान झाले’ ही नोंद निरुपयोगी. ‘हातच्याची वजाबाकी, चारपैकी तीन बरोबर, ४०३ वजा १५८ ला मधल्या शून्यापाशी अडला, दुपारी मुंग्यांची रांग पाहिली, चित्र काढले’ ही कामाची. उद्या कुठून सुरू करायचे ते त्यात आहे, आणि पाहणीला अधिकारी आले तर दाखवायलाही तीच उपयोगी पडते.

शाळेत परतणे किंवा मोठ्या परीक्षेला बसणे यांत विषयांपेक्षा वेगळीच गोष्ट आडवी येते. घरी उत्तर तोंडी सांगायची सवय असते. सलग तीन तास, घड्याळाकडे बघत, पाने भरण्याची नसते. उत्तर येत असूनही शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. त्यासाठी परीक्षेच्या वर्षभर आधीपासून दर आठवड्याला एक प्रश्नपत्रिका वेळ लावून, पेनाने, पूर्ण लिहून घ्यावी.