सुट्टीसाठी भाड्याचे घर
सुट्टीसाठी भाड्याचे घर : पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी, सामानसुमानासह आणि बहुधा स्वयंपाकघरासह भाड्याने दिले जाणारे खासगी घर. सदनिका, बंगला, शेतावरचे घर, डोंगरातली लाकडी कुटी, काठाला बांधलेली हाउसबोट अशी त्याची अनेक रूपे आढळतात. मुक्काम एका रात्रीपासून काही आठवड्यांपर्यंतचा असतो. नेहमीच्या भाडेकरारापेक्षा हा व्यवहार वेगळा आहे : भाडे आगाऊ घेतले जाते, वीज-पाणी सहसा त्यातच धरलेले असते आणि पाहुणा ठरलेल्या तासाला येऊन ठरलेल्या तासाला निघतो.

साखळी हॉटेलातली एक खोली पाहिली की बाकीच्या खोल्यांचा अंदाज येतो, आणि एखादी खोली गैरसोयीची निघाली तर स्वागतकक्षात जाऊन दुसरी मागता येते. भाड्याचे घर एकच असते. बदलून द्यायला मालकाकडे दुसरे नसते आणि कित्येकदा मालक त्या गावातही नसतो. म्हणून हॉटेलचा व्यवस्थापक जी तपासणी रोज करतो ती इथे पाहुण्याच्या अंगावर येते, आणि तीही घरात पाऊल न टाकता, केवळ छायाचित्रे व चार परिच्छेदांचे वर्णन यांच्या आधारे करावी लागते. निवडीतली आणि आरक्षणातली जवळजवळ सगळी खबरदारी या अडचणीतून उद्भवते.

इतिहास : समुद्रकाठची आणि थंड हवेच्या ठिकाणची घरे हंगामापुरती भाड्याने देण्याची पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी रजा घेणारा मध्यमवर्ग वाढला, तेव्हा तिला संघटित रूप येऊ लागले. फ्रान्समध्ये ग्रामीण भागातली रिकामी घरे पर्यटकांना देणाऱ्या मालकांचा ‘जीत द फ्रान्स’ हा राष्ट्रीय महासंघ १९५५ मध्ये स्थापन झाला. घरांचा दर्जा ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्यांनी दाखवण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. आरक्षण त्या काळी छापील सूची, पत्रे आणि दूरध्वनी यांवर चाले. अमेरिकेत डेव्हिड क्लाउस यांनी कोलोरॅडोतली स्वतःची सदनिका भाड्याने देण्यासाठी १९९५ मध्ये ‘व्हीआरबीओ’ हे संकेतस्थळ काढले. ते २००६ मध्ये ‘होमअवे’ या कंपनीने घेतले आणि २०१५ मध्ये होमअवेच ‘एक्स्पीडिया’ या प्रवास-आरक्षण कंपनीच्या मालकीची झाली. दरम्यान २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एअरबीएनबी’ ही संकेतस्थळावरून घरे भाड्याने मिळवून देणारी कंपनी सुरू झाली. तिचा आरंभ संस्थापकांनी परिषदेसाठी आलेल्या पाहुण्यांना आपल्या राहत्या घरात हवेच्या गाद्यांवर जागा देण्यापासून झाला होता. आधी घरांच्या जाहिराती नुसत्या फळ्यावर लावल्यासारख्या असत. आता पैसे, संवाद, अभिप्राय आणि तक्रार हे सगळे एकाच ठिकाणी आले, आणि अनोळखी माणसाच्या घरी राहण्याची भीड बरीच कमी झाली.

घराची निवड : घर शोधताना ‘१० जणांची सोय’ हा आकडा सर्वांत आधी दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. तीन शयनगृहांत सहा जण झोपत असतील तर उरलेले चार जण दिवाणखान्यातल्या सोफा-कम-बेडवर किंवा जमिनीवरच्या गाद्यांवर धरलेले असतात. म्हणजे त्यांना सगळे झोपायला गेल्यावर झोपायचे आणि पहिला चहा ठेवला गेला की उठायचे. म्हणून माणसांचा आकडा सोडून खोलीनिहाय पलंगांची यादी वाचावी. तिच्या शेजारी स्नानगृहांची संख्या ठेवून पाहिली की घर किती माणसांसाठी खरोखर बांधलेले आहे ते कळते.

छायाचित्रे बहुधा रुंद कोनाच्या भिंगातून काढलेली असतात. त्यात खोली खोल दिसते, कडेची खुर्ची किंवा दिवा ताणल्यासारखा दिसतो. अशा वेळी मोजमाप म्हणून पलंग वापरावा. दुहेरी पलंग साधारण दीड मीटर किंवा त्याहून थोडा अधिक रुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी माणूस सरळ चालू शकेल की एका बाजूने पलंग भिंतीला चिकटलेला आहे, एवढे पाहिले तरी खोलीचा खरा आकार उलगडतो. काय दाखवलेले नाही हेही तितकेच महत्त्वाचे. गच्चीवरून दिसणाऱ्या सूर्यास्ताची आठ चित्रे आणि न्हाणीघराचे एकही नाही, असे असेल तर प्रश्न विचारावा. प्रत्येक चित्रात पडदे ओढलेले असतील तर खिडकीबाहेर शेजारची भिंत असण्याची शक्यता धरून चालावे. पोहण्याच्या तलावाचे चित्र ऐन उन्हाळ्यातले असते, पण थंडीत तो अनेक ठिकाणी बंद असतो.

नेमका पत्ता बहुतेक संकेतस्थळांवर आरक्षणानंतरच मिळतो. तोवर नकाशावर एक वर्तुळ दिसते. ‘समुद्र पाच मिनिटांवर’ हे चालत की गाडीने, हे वर्णनात सहसा लिहिलेले नसते. वर्तुळाच्या आतले रस्ते उपग्रहचित्रात पाहिले तर महामार्ग, रेल्वेरूळ, रात्री उशिरापर्यंत चालणारी मद्यालये किंवा शेजारी चाललेले बांधकाम दिसू शकते. उपग्रहचित्र मात्र जुने असू शकते, बांधकामासाठी ताजे अभिप्रायच पाहावे लागतात. चढावरच्या घरांबाबत पायऱ्यांचा प्रश्न वेगळा विचारावा. ‘तळमजला’ असे लिहिलेल्या घरापर्यंत रस्त्यापासून साठ पायऱ्या असू शकतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या साठही मोजाव्या लागतात.

सुविधांच्या यादीतले शब्द मोघम असतात. ‘एसी’ फक्त दिवाणखान्यात असू शकतो, ‘पार्किंग’ म्हणजे रस्त्याच्या कडेला मिळाली तर जागा असू शकते, ‘वायफाय’ काम करण्याइतके वेगवान असेलच असे नाही. आरक्षणाआधी मालकाला दोन-तीन नेमके प्रश्न एकाच संदेशात विचारावेत. उत्तरातून माहिती मिळतेच. शिवाय ते किती वेळात, किती सरळ येते यावरून रात्री नऊ वाजता पाणी गेल्यास फोन कोण उचलेल याचाही अदमास येतो.

अभिप्राय : ताऱ्यांची सरासरी एकट्याने फारशी उपयोगाची नाही. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की एअरबीएनबीवरील सुमारे ९५ टक्के घरांचे सरासरी गुण ५ पैकी ४.५ किंवा ५ होते. पाहुणा आणि यजमान एकमेकांना गुण देतात, काही दिवस एकाच छपराशी संबंध आलेला असतो, त्यामुळे वाईट लिहायला संकोच वाटतो. सूडाची भीती कमी व्हावी म्हणून २०१४ पासून त्या संकेतस्थळावर दोन्ही बाजूंचे अभिप्राय एकदमच उघड केले जातात. तरीही ४.६ गुणांचे घर प्रत्यक्षात यादीच्या खालच्या टोकाला असू शकते. यजमानांना दिले जाणारे एअरबीएनबीचे ‘सुपरहोस्ट’ हे चिन्ह सरासरी ४.८ गुण, ९० टक्के प्रतिसाद आणि १ टक्क्याहून कमी रद्द आरक्षणे अशा निकषांवर मिळते. ते यजमानाच्या शिस्तीबद्दल सांगते, गादीबद्दल काही सांगत नाही.

वाचावे ते शब्द. ‘घर लहान पण स्वच्छ’, ‘भाग जिवंत आहे’, ‘यजमानांनी तक्रार लगेच ऐकली’ या सौम्य वाक्यांत बरेच दडलेले असते : जिवंत भाग रात्री दोनपर्यंत जिवंत असतो, आणि तक्रार ऐकली म्हणजे तक्रार होती. ज्या ऋतूत जायचे त्याच ऋतूतले अभिप्राय शोधावेत, कारण ओल, मुंग्या, उकाडा आणि गोंगाट यांना ऋतू असतो. प्रतिकूल अभिप्रायाला मालकाने दिलेले उत्तर मला तरी सर्वांत बोलके वाटते. पाहुण्यावर खेकसणारा मालक एखाद्या दिवशी आपल्यावरही खेकसेल.

किंमत : शोधात दिसणारा दर आणि शेवटी द्यावी लागणारी रक्कम यांत साफसफाई शुल्क, संकेतस्थळाचे सेवाशुल्क, स्थानिक कर आणि कधी जादा पाहुण्यांचा आकार येतो. यांपैकी साफसफाई शुल्क मुक्काम कितीही असला तरी एकदाच लागते, आणि छोट्या मुक्कामाचे गणित तेच बिघडवते. हे शुल्क एका रात्रीच्या भाड्याइतके असेल तर दोन रात्रींसाठी तीन रात्रींचे पैसे जातात, सात रात्रींसाठी आठ रात्रींचे. म्हणून दोन घरांची तुलना रात्रीच्या दरावर न करता एकूण रकमेला रात्रींनी भागून करावी. अल्पमुदतीच्या निवासाची जाहिरात करताना सक्तीच्या शुल्कांसह एकूण किंमत दाखवण्याचे बंधन अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने मे २०२५ पासून घातले आहे. अनामत वेगळी. काही मालक ती रोख घेतात, काही ठिकाणी कार्डावर तेवढी रक्कम रोखून ठेवली जाते. ती किती दिवसांनी मोकळी होते हे आधीच विचारलेले बरे.

आरक्षण आणि रद्द करण्याच्या अटी : काही घरे तत्काळ आरक्षित होतात, काहींसाठी विनंती पाठवून मालकाच्या होकाराची वाट पाहावी लागते. हंगामात कित्येक मालक शनिवार ते शनिवार असा पूर्ण आठवडाच देतात, कारण मधल्या एक-दोन रिकाम्या रात्री मग कोणी घेत नाही. रद्द करण्याच्या अटी घरागणिक बदलतात. एअरबीएनबीच्या ‘लवचीक’ प्रकारात आगमनाच्या २४ तास आधीपर्यंत, तर ‘मध्यम’ प्रकारात पाच दिवस आधीपर्यंत पूर्ण परतावा मिळतो. कडक प्रकारांत ही मुदत बरीच आधी संपते. मुदत घर जिथे आहे तिथल्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते, त्यामुळे दूर देशातले आरक्षण आपल्या मध्यरात्रीच्या भरवशावर ठेवू नये. विमानाची तिकिटे परत न होणारी असतील तर घराच्या अटी तरी सैल निवडाव्यात. पाहुण्यांची संख्या खरी सांगावी : दोन माणसे लपवली तर वाचतात थोडे पैसे, आणि काही घडल्यास विमा व परतावा दोन्ही वादात सापडतात.

फसवणुकीची ठरावीक चाल अशी असते : घर सुंदर, भाडे आसपासच्या घरांच्या निम्मे, खाते नवे, आणि मालक दोनच संदेशांनंतर संकेतस्थळाबाहेर बोलू लागतो. सेवाशुल्क वाचेल, थेट बँकेत पाठवा, मी सध्या परदेशात आहे, चावी पाठवून देतो. अनेकदा ते घर खरे असते, फक्त ते दुसऱ्याचे असते. चित्रावरून शोध घेतला तर तेच चित्र दुसऱ्या गावातल्या विक्रीच्या जाहिरातीत सापडते. संकेतस्थळामार्फत दिलेले पैसे मालकाला सहसा पाहुणा आत शिरल्यानंतर मिळतात; एअरबीएनबी ते आगमनानंतर साधारण २४ तासांनी सोडते. थेट पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण राहत नाही. थेट मालकाकडूनच घ्यायचे असेल, आणि प्रामाणिक मालकही भरपूर असतात, तर लेखी करार, मालकीचा किंवा नोंदणीचा पुरावा आणि क्रेडिट कार्डाने पैसे देण्याची सोय मागावी.

नियम : घरे पर्यटकांकडे वळल्याने रहिवाशांची भाडी चढतात या तक्रारीमुळे अनेक शहरांनी बंधने आणली आहेत. लंडनमध्ये संपूर्ण घर वर्षाला ९० रात्रींपर्यंतच विनापरवाना असे देता येते, ॲम्स्टरडॅमने २०१९ पासून वर्षाला ३० रात्रींची मर्यादा घातली. जपानने २०१८ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने वर्षाला १८० दिवस ठरवले. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांखालील मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी आणि घरात उपस्थिती आवश्यक असून पाहुणे दोनच चालतात. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटक-सदनिकांचे सुमारे दहा हजार परवाने संपवण्याचे जाहीर केले आहे. पाहुण्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे : बेकायदा घर जाहिरातीतून कधीही काढले जाऊ शकते आणि त्याबरोबर आरक्षणही जाते. जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे नोंदणी क्रमांक जाहिरातीत असतो. तो नसेल तर विचारावा.

सुरक्षितता : गॅसवर चालणारी पाणी तापवायची यंत्रे, शेकोट्या आणि बंद खोल्या असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत त्याची चाहूल लागत नाही. जाहिरातीत त्याची सूचनाघंटा नसेल तर बॅटरीवर चालणारी लहान घंटा सोबत नेता येते. लहान मुले असतील तर तलावाचे कुंपण आणि सज्जाच्या कठड्यातल्या फटी चित्रांतच पाहून घ्याव्यात. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे ठेवण्यास पूर्ण बंदी केली आहे. बाहेरचे कॅमेरे जाहिरातीत नमूद करावे लागतात.

आगमन आणि वाद : आत शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी सगळ्या खोल्यांचे सलग चित्रीकरण करून ठेवावे. भेगाळलेली काच, जळका ओटा, मळलेली गादी यांचे जवळून फोटो घ्यावेत. पुढे अनामतीवरून वाद झाला तर या नोंदीवर वेळ असते, तोंडी साक्षीवर नसते. गंभीर उणीव आढळली तर मालकाला लगेच, आणि संकेतस्थळाच्या संदेशांतूनच कळवावे. फोनवर बोलणे झाले तरी त्याचा सारांश तिथे लिहावा. एअरबीएनबीत अशी तक्रार लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदवावी लागते. पूर्ण मुक्काम करून घरी परतल्यावर केलेल्या तक्रारीला बहुतेक ठिकाणी परतावा मिळत नाही.