कलासंग्रहालयांचे दार ज्येष्ठांसाठी कसे उघडत गेले

बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातील बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 मध्ये 'संग्रहालयातला थकवा' या विषयावर लेख लिहिला. सोबतच्या छायाचित्रांत एक प्रेक्षक कपाटातल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून कमरेत वाकतो, मान तिरपी करतो, उकिडवा बसतो. दोष पाहणाऱ्याचा नसून मांडणीचा, हे गिलमन यांनी दाखवून दिले. गुडघे दुखणाऱ्या वयात हे किती खरे, ते वेगळे सांगायला नको. तरीही ज्येष्ठांचा विचार पुढे बराच काळ सवलतीचे तिकीट आणि व्हीलचेअर यापलीकडे फारसा गेला नाही.

खरे वळण आले ते वार्धक्याकडे पाहण्याची नजर बदलल्यावर. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जीन कोहेन यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातील ज्येष्ठांचे सरासरी वय 80 च्या आसपास होते. व्यावसायिक कलावंतांच्या हाताखाली नियमित कला शिकणाऱ्यांची तब्येत इतरांपेक्षा बरी राहिली, डॉक्टरकडच्या फेऱ्याही कमी झाल्या. उतारवयातही माणूस नवे शिकतो, घडवतो, ही बाब त्यातून ठळक झाली.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे 'मोमा'ने, 2006 मध्ये अल्झायमर झालेल्यांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी उपक्रम सुरू केला. सुरुवातीच्या काळात संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी, गर्दी नसताना, छोटा गट मोजक्याच चित्रांसमोर निवांत बसत असे. चित्रकार कोण, साल कोणते, असली परीक्षा नाही. चित्रात काय दिसते, काय वाटते, एवढेच विचारायचे. आठवणींवर भिस्त नसल्याने कुणी चुकत नाही. शिवाय मुलगी किंवा पती तेवढा वेळ औषधांची वेळ सांभाळणारे न राहता शेजारी बसून चित्र पाहतात. मला या उपक्रमाचे मोठेपण यातच वाटते.

2018 मध्ये माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयाने डॉक्टरांच्या संघटनेशी हात मिळवला आणि डॉक्टर रुग्णांना संग्रहालयभेट लिहून देऊ लागले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील 50 वर्षांवरील 6,710 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संग्रहालये, नाटके, मैफली यांना दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये, 14 वर्षांच्या काळातील मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 31 टक्के कमी आढळला. अर्थात चालता येणारे, हाती पैसा असलेलेच जास्त जातात. संशोधकांनी तो फरक हिशेबात धरूनच हा आकडा काढला आहे. तरी यावरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही त्यांनी नोंदवले आहे.