बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशननंतर: पाण्याचे घोट, वाढलेली नाडी आणि सलाइन

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे विचारतात, "आता काय काय खाता येतं?" पहिल्या दोन आठवड्यांत त्याहून महत्त्वाचं असतं ते पाणी. पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. त्यात ठाण्या-नवी मुंबईची दमट हवा. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये नुसतं बसूनही घाम निथळतो.

यातल्या स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि एक अरुंद नळी उरते. जठराच्या बायपासमध्ये वर उरलेली जठराची पिशवी जेमतेम 30 मिलीची असते. सुरुवातीला आतून सूजही असते, त्यामुळे सवयीने पेलाभर पाणी प्यायलं की छातीत दाटतं, तोंडाला लाळ सुटते, उलटी होते. मग त्या धास्तीने माणूस पाणीच टाळतो.

यावर मापाचा छोटा कप कामाला येतो. मेडिकलमधून 30 मिलीचा कप आणा, दर पंधरा मिनिटांनी एक भरा आणि तीन-चार घोटांत संपवा. तासाला 120 मिली होतात, बारा-साडेबारा तासांत दीड लिटर. मोबाइलवर गजर लावा, कारण तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर होतो. शहाळ्याचं पाणी चालतं, तेही असंच घोट घोट. सोडा आणि उसाचा रस नको. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, लघवी गडद होत असेल, तर डॉक्टरांना फोन करा. बीपीची आणि शुगरची औषधं पूर्वीच्याच डोसमध्ये चालू नाहीत ना, हेही त्याच फोनवर विचारा. खाणं एकदम कमी झाल्यावर जुना डोस जास्त ठरू शकतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतो आणि खांदा दुखतो. दोन-तीन दिवसांत हे दुखणं ओसरतं. पण खांदेदुखीबरोबर नाडी 120 च्या वर टिकून राहिली, ताप आला, धाप लागली किंवा पोटदुखी वाढत गेली, तर "गॅस झालाय" म्हणून ओवा देत बसू नका. जठराच्या टाक्यांच्या रेषेतून गळती झाल्याची ही लक्षणं असू शकतात. पहिला महिनाभर रोज नाडी मोजा आणि अशी लक्षणं दिसली तर रात्र असली तरी तडक ऑपरेशन झालेलं रुग्णालय गाठा.

खाण्याचे टप्पे सर्जनच्या कागदावर असतातच: आधी पातळ, मग मऊसर, साधारण सहा आठवड्यांनी नेहमीचं. आपल्याकडे एक गैरसमज मात्र घट्ट बसलाय. डाळीचं वरचं पाणी आणि पेज यांत प्रथिनं अगदीच थोडी असतात. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. ती घोटलेली डाळ, दही, पनीर, अंडं आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर यांतूनच येतात. जेवताना पाणी नको, त्यानंतरही अर्धा तास थांबा.

आता सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्या थांबत नसतील तर तो संपतो, आणि मग दुहेरी दिसतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. अशक्तपणा दिसला की घरचे गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन सलाइन लावायला सांगतात. त्या बाटलीत ग्लुकोज असेल तर उरलंसुरलं थायमिन ते ग्लुकोज जाळण्यातच खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून सुई टोचण्याआधी सांगायचं: "यांचं बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशन झालंय, उलट्या चालू आहेत, आधी थायमिन द्या." ऑपरेशनचं कार्ड पाकिटात ठेवा. सोबतच्या माणसालाही हे वाक्य पाठ असू द्या.

जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. दोघांत किमान दोन तास ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर नको. केस गळायला लागले की पुष्कळजण घाबरतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते बऱ्याच जणांना होतं आणि बहुधा भरून येतं. बी-12, लोह, ड जीवनसत्त्वाची तपासणी मात्र 3, 6 आणि 12 महिन्यांनी, पुढे दरवर्षी, तब्येत ठणठणीत वाटत असली तरी करायचीच.