मूल अठरा वर्षांचं झालं: कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करण्याआधी आणि करताना

मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडिलांचं पालकत्व कायद्याने संपतं, मग ते दिव्यांग असलं तरीही. अनेक घरांना हे बँकेच्या खिडकीशी कळतं, आणि मग धावपळीत पालकत्वाचा अर्ज टाकला जातो. माझी कळकळीची विनंती आहे, आधी थोडं थांबा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा, आपले पैशांचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळवण्याचा हक्क आहे. त्यामुळे अर्जाआधी एक कागद घ्या आणि मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. कोणती कामं ती स्वतः करते, कोणती समजावून सांगितल्यावर करते आणि कोणती अजिबात जमत नाहीत, ते लिहा. समजावल्यावर जमणाऱ्या कामांना कायदेशीर पालक (तिच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेली व्यक्ती) लागत नाही, सोबत लागते. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण तो तिचाच असू द्या.

एवढं करूनही गरज उरली, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली अर्ज करता येतो. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता (एकाहून जास्त दिव्यांगत्व) असलेल्यांनाच हा कायदा लागू आहे. नुसतं अंधत्व किंवा नुसतं कर्णबधिरत्व यात येत नाही.

अर्ज स्थानिक स्तर समितीकडे जातो. समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्जाचा नमुना 'ए' भरायचा. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, होणाऱ्या पालकाची ओळखपत्रं आणि त्याचं संमतिपत्र जोडायचं. आई-वडील दोघे असतील तर अर्ज दोघांनी मिळून करायचा. एकजण नसेल, तर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश लावा.

राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे समितीला दोन गोष्टी तपासाव्या लागतात: पालकाची खरोखर गरज आहे का, आणि कोणत्या कामांसाठी. म्हणून अर्जात 'सर्व बाबींसाठी' असं मोघम लिहू नका. वारसाहक्काच्या जमिनीचे व्यवहार अडले असतील तर तेवढंच लिहा. तो वर सांगितलेला कागद इथे उपयोगी पडतो. समितीपुढे प्रश्न तिला विचारला गेला तर उत्तरही तिलाच देऊ द्या, वेळ लागला तरी चालेल.

नेमणुकीनंतर पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते. पुढे दरवर्षी, आर्थिक वर्ष संपल्यापासून ३ महिन्यांत हिशेब सादर करायचा. पालक हेळसांड किंवा छळ करत असेल, पैसे खात असेल, तर आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढून टाकण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकते.