सतरा गाण्यांचं क्वीन

ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एका बेचाळीस वर्षं जुन्या रेकॉर्डवरून वादाला तोंड फुटलं. योटो नावाचं लहान मुलांसाठीचं, पडदा नसलेलं ऑडिओ यंत्र तिकडे घरोघरी असतं. त्यावर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं 'ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे गाजलेल्या गाण्यांचा १९८१ चा संग्रह आला, पण 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' ('जाड बुडाच्या मुली') हे गाणं गाळून. लेकराबाळांच्या कानावर असलं काही पडायला नको, हा त्यामागचा विचार उघड होता. चाहते मात्र खवळले.

नुसती सेन्सॉरशिपची चीड नव्हती ती. हे गाणं काढलं की शेजारचं 'बायसिकल रेस' लंगडं होतं. १९७८ मध्ये दोन्ही गाणी एकाच सिंगलवर, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, बरोबरीच्या मानाने निघाली होती. एकात दुसऱ्या गाण्यातल्या बायका सायकलवरून जातात, तर दुसऱ्यात 'चला, सायकली काढा' अशी आरोळी आहे. 'ग्रेटेस्ट हिट्स'वरही ती चौथी आणि पाचवी, लागोपाठ. चाळीस वर्षं हा क्रम ऐकलेल्या माणसाला मधलं एक गाणं गेलेलं ताबडतोब कळतं, पाढ्यातला एक आकडा गळल्यासारखं.

हिट गाण्यांचा गठ्ठा बांधून विकायची कल्पना क्वीनची नव्हे. अमेरिकेत १९५८ मध्ये गायक जॉनी मॅथिसचा असा संग्रह निघाला आणि बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तब्बल ४९० आठवडे ठाण मांडून बसला. पुढे फेब्रुवारी १९७६ मध्ये ईगल्स या अमेरिकन बँडचा संग्रह आला, तोही त्यांचं गाजलेलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' जन्माला येण्याआधी. तरी आज अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या अल्बममध्ये त्याचं नाव अगदी वर असतं. तरीही रॉकच्या दर्दी लोकांत अशा संग्रहांना फारसा मान नव्हता. अल्बम म्हणजे कलाकृती आणि संग्रह म्हणजे कंपनीचा गल्ला, अशी सरळ वाटणी होती.

१९८१ साली क्वीनला चौघांच्या रूपात दहा वर्षं झाली होती. बँड १९७० चा. बासवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आला आणि संच पुरा झाला. १९७४ मध्ये 'सेव्हन सीज ऑफ राय' ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी जवळपास सहा मिनिटांचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नऊ आठवडे पहिलं राहिलं. १९८० मध्ये त्यांच्या दोन गाण्यांनी अमेरिकेत पहिला नंबर मिळवला. मार्च १९८१ मध्ये साओ पाउलोच्या मोरुंबी स्टेडियमवर एका रात्री १,३१,००० माणसं त्यांना ऐकायला आली. हिशेब मांडायला याहून बरा मुहूर्त कुठला मिळणार?

म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस तीन गोष्टी एकदम बाजारात आल्या: 'ग्रेटेस्ट हिट्स' ही रेकॉर्ड, 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही व्हिडिओ कॅसेट आणि 'ग्रेटेस्ट पिक्स' हे छायाचित्रांचं पुस्तक. रेकॉर्डच्या मुखपृष्ठावरचा चौघांचा फोटो लॉर्ड स्नोडन यांनी काढलेला. हे गृहस्थ राजकन्या मार्गारेटचे पूर्वीचे यजमान. म्हणजे क्वीनचा फोटो काढायला ब्रिटनच्या राणीचे माजी मेहुणे आले होते!

आता निवडीकडे येऊ, कारण चाहत्यांची खरी भांडणं तिथेच आहेत. सतरा गाणी पाहिली तर निकष आरशासारखा स्वच्छ दिसतो. तोवर ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या विसात गेलेलं जवळपास प्रत्येक गाणं आत आहे, आणि पहिल्या विसाबाहेर राहिलेलं एकही नाही. सगळ्यांत खाली 'गुड ओल्ड-फॅशन्ड लव्हर बॉय', सतराव्या क्रमांकापर्यंत पोचलेलं. 'टाय युअर मदर डाउन' ३१ वर अडकलं, म्हणून बाहेर. 'स्प्रेड युअर विंग्ज' ३४, तेही बाहेर. पहिलं सिंगल 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह' यादीत शिरलंच नव्हतं. आवडनिवड वगैरे काही नाही, सरळ गुणपत्रिका.

दुसऱ्या देशात गुणपत्रिका बदलली की संग्रहही बदलायचा. अमेरिकेतल्या आवृत्तीत चौदाच गाणी होती. तिच्यात 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह' होतं, पण 'डोन्ट स्टॉप मी नाउ' नव्हतं. आज ज्या गाण्यावर लग्नात आजीआजोबाही नाचतात, ते अमेरिकेच्या लेखी हिटच नव्हतं. डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' अमेरिकन आवृत्तीत होतं. ब्रिटनमध्ये मात्र ते सिंगल म्हणून संग्रहाच्या सुमारासच निघालं, नोव्हेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि संग्रहात नाही ते नाहीच. ब्रिटिश चाहत्यांना ते संग्रहात मिळायला 'ग्रेटेस्ट हिट्स टू' यावं लागलं, ऑक्टोबर १९९१ मध्ये. तो संग्रह दुकानात येऊन महिना होत नाही तोच, २४ नोव्हेंबरला, बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी गेला.

एक मोजणी मला फार आवडते. ब्रिटिश आवृत्तीतल्या सतरापैकी दहा गाणी फ्रेडीची, पाच गिटारवादक ब्रायन मेची, दोन डीकनची. ड्रमर रॉजर टेलरचं एकही नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सिंगलमागे त्याचं 'आय एम इन लव्ह विथ माय कार' होतं आणि बी-साइड म्हणून त्याचे पैसेही त्याला बरोबरीने मिळाले; ते मागे लागावं म्हणून तो कपाटात जाऊन बसला होता, अशी कथा चाहते रंगवून सांगतात. पण या सतरांत तो फक्त वाजवतो आणि वरच्या पट्टीत गातो. त्याचं 'रेडिओ गा गा' १९८४ चं. नुसता पहिला संग्रह ऐकून क्वीन ओळखणाऱ्याला टेलर गाणी लिहितो हेच कळत नाही.

याहून मोठी तक्रार अल्बमवाल्यांची. त्यांच्या मते क्वीन मुळात सिंगल्सचा बँड नाहीच. १९७४ चा 'क्वीन टू' एका बाजूला 'पांढरा' आणि दुसऱ्या बाजूला 'काळा' असा आखलेला. त्यातलं इथे आलं फक्त 'सेव्हन सीज'. आठ मिनिटांवर चालणारं 'द प्रॉफेट्स साँग' कुठल्याही हिट संग्रहात मावणारं नाही. शिवाय 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' इथे सिंगलसाठी कापलेलं आहे. पट्टीचा फॅन ही शेवटची गोष्ट सांगताना आवाज खाली आणतो, घरातलं भांडण बाहेर सांगावं तसा.

मला त्यांचं पटतं, पण अर्धंच. कारण ही रेकॉर्ड क्रमाने ऐकली की एक गोष्ट जाणवते: एकामागोमागची दोन गाणी एकाच बँडची वाटत नाहीत. ऑपेरा, मग फंक, मग जुन्या नाटकगृहातली नखरेल चाल. पुढे रॉकाबिली, मग चर्चमधल्या गॉस्पेलसारखा कोरस. बारा नाट्यपदं बारा रागांत बांधणाऱ्या आपल्या जुन्या संगीतकारांना ही हौस कळली असती. अल्बमवाले ज्या वैविध्याची बढाई मारतात, ते इथे तासाभरात हाती लागतं.

आणि लोकांनी ते घेतलं. १९८१ मध्ये हा संग्रह चार आठवडे पहिला होता. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये साठ लाखांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला अल्बम ठरला आणि २०२२ मध्ये सत्तर लाखांवर गेला (या आकड्यात स्ट्रीमिंगही धरलेलं आहे). दर चार घरांमागे एक, असा हिशेब येतो. १९८५ च्या लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांसाठीच्या जंगी मैफलीत क्वीनने सहा गाणी वाजवली, त्यातली चार याच संग्रहातली. 'गुड ओमेन्स' या १९९० च्या विनोदी कादंबरीत तर गाडीत पंधरवडाभर पडून राहिलेली कुठलीही कॅसेट आपोआप क्वीनचा संग्रह होते. एखादी गोष्ट किती सर्वत्र असावी, याला याहून चांगलं प्रमाणपत्र नाही.

आपल्याकडे या सगळ्याला पाचगणीची एक किनार आहेच. झांजिबारच्या पारशी घरातला फारोख बलसारा आठ वर्षांचा असताना तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथेच 'फ्रेडी' झाला आणि १९५८ मध्ये वर्गमित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो बडवू लागला. पण माझ्या पिढीपर्यंत क्वीन आलं ते पाचगणीवरून नाही, भरून घेतलेल्या कॅसेटवरून. कोरी कॅसेट दुकानदाराला द्यायची आणि आठवड्याने भरलेली आणायची. रेकॉर्डची एकेक बाजू एकोणतीस मिनिटांच्या आसपास. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू तिसाची. मापाने शिवल्यासारखी बसायची.

माझी कॅसेट मात्र फसली, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. शेवटचं गाणं 'वी आर द चॅम्पियन्स'. ते संपायच्या आधीच तुटायचं. शेवटी 'जगाचे' या अर्थाचे जे शब्द हवेत, ते यायचेच नाहीत. टेप कमी पडली म्हणून मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. पुढे मूळ रेकॉर्ड ऐकली. तिच्यातही ते शब्द नाहीत. गाणं तसंच, अधांतरी थांबतं. लाइव्ह एडमध्ये फ्रेडीने ते शेवटी गायले आणि सगळ्या जगाच्या कानात तेच राहिलं. दुकानदाराकडे पुन्हा जाऊन माफी मागायचा विचार होता. पण तोवर तिथे मोबाइल रिपेअरिंगची पाटी लागली होती.