आशयसूत्र दुसऱ्या खर्ड्यात सापडते, त्यामागचा इतिहास

पहिला खर्डा संपल्याशिवाय कादंबरी कशाबद्दल आहे ते कळत नाही, असे आज लेखनाच्या कार्यशाळांत सर्रास सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक कादंबरीकारांना ती सवडच नव्हती. कादंबरी नियतकालिकात हप्त्याहप्त्याने यायची. सुरुवात वाचकांच्या हाती पडलेली असायची आणि पुढची प्रकरणे अजून लिहायची असायची. मोठा बदल करायचा तर पहिल्या हप्त्याआधी, नाहीतर अगदी शेवटी. १८६७ च्या अखेरीस एका रशियन कादंबरीकाराने आधीचे खर्डे टाकून दिले. त्यांतला गर्विष्ठ, विकारी नायक गेला आणि १८६८ मध्ये छापून आला तो निष्कपट मनाचा. १८६१ मध्ये संपलेल्या एका इंग्रजी कादंबरीचा शेवट मित्राच्या सांगण्यावरून बदलला गेला. मूळ शेवट १८७४ मध्ये लेखकाच्या चरित्रातून बाहेर आला, आणि दोन्हींपैकी कादंबरीच्या आशयाला धरून कोणता, हा वाद अजून मिटलेला नाही.

विसाव्या शतकात प्रकाशनसंस्थेतला संपादक या कामात उतरला आणि चित्र बदलले. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५७ ते १९६० मधले आहे. एका अमेरिकी लेखिकेने दिलेल्या हस्तलिखितात मोठी झालेली मुलगी गावी परतते आणि ज्या बापाला देव मानले तोच वर्णभेदवाल्यांच्या सभेत बसलेला पाहून कोसळते. बालपण त्यात आठवणींपुरते होते. संपादिकेला जीव दिसला तो त्या आठवणींत. पुढची दोन-अडीच वर्षे पुनर्लेखनात गेली. तृतीयपुरुषी निवेदन जाऊन प्रथमपुरुषी आले, आणि हस्तलिखितात ओझरता येणारा खटला कादंबरीच्या केंद्राशी बसला. मूळ खर्ड्यात, वकील असलेला बाप त्या खटल्यात ज्याची बाजू मांडतो तो कृष्णवर्णीय आरोपी निर्दोष सुटतो. छापील कादंबरीत तो दोषी ठरतो. माझ्या मते सगळे वळण या एका बदलात आहे. आरोपी सुटला तर खटला बापाच्या कर्तबगारीचा किस्सा होतो. आरोपी दोषी ठरला की डोळ्यांदेखत झालेल्या अन्यायाचे मुलांनी काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो आणि बाकीची प्रकरणे त्याच्याभोवती गोळा होतात. हा प्रश्न खर्ड्यात कुठे दडून बसलेला नव्हता. निकाल बदलल्यावर तो तयार झाला.

म्हणूनच २०१५ चा निर्णय खटकतो. ते जुने हस्तलिखित नवी कादंबरी म्हणून बाजारात आले, पहिली छपाई वीस लाख प्रतींची. लेखिका तेव्हा ८९ वर्षांची होती. तिच्या संमतीबद्दल शंका घेतल्या गेल्या. सरकारी चौकशीत त्या तक्रारीत तथ्य आढळले नाही. पण संमती असली तरी मूळ आक्षेप उरतोच. खर्डा हा कादंबरीचा पुढचा भाग नसतो. वाचकांनी तो तसा वाचला आणि ‘बापाचे खरे रूप आता कळले’ अशी हळहळ सुरू झाली. पुनर्लेखनात जे जाणीवपूर्वक सोडून दिले होते, त्यालाच अंतिम सत्याचा मान मिळाला. एका पुस्तकविक्रेत्याने तर गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. समोरचा युक्तिवादही दुबळा नाही: पहिल्या खर्ड्यातला बाप जास्त खरा आहे आणि संपादनात तो गुळगुळीत झाला, असे मानणारे अभ्यासक आहेत. त्यांचे म्हणणे मान्य केले, तरी ते हस्तलिखित टीपा आणि प्रस्तावनेसह, खर्डा म्हणूनच छापता आले असते.

संगणकावरच्या लेखनाने आता पुरावाच विरळ होत चालला आहे. खोडलेली ओळ कागदावर दिसायची. फाइलमध्ये नवे वाक्य जुन्याच्या जागी बसते. २०१० मध्ये एका अमेरिकी विद्यापीठाने एका कादंबरीकाराच्या जुन्या संगणकांतला मजकूर अभ्यासकांना खुला केला, तो याच चिंतेतून. काही लेखक आता प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा साठवतात. काही संपादकही पहिल्या वाचनानंतर लेखकाकडून एका वाक्यात आशय लिहून घेतात आणि शेवटच्या खर्ड्यानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारतात.