पसायदान हा अभंग नाही

एम. ए. मराठीच्या मध्ययुगीन साहित्याच्या पेपरात ओवी आणि अभंग यांतला फरक विचारला, की उत्तरपत्रिकांतून ठरलेलं वाक्य येतं: ओवी ज्ञानेश्वरांची, अभंग तुकारामांचा. याचं मूळ त्या जुन्या आर्येत आहे. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंतांची.’ कोण कशासाठी नावाजला एवढंच ती सांगते, रचना कशी ओळखायची याबद्दल अवाक्षर नाही. हरिपाठ ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे आणि तो अभंगांत आहे. एकनाथांनी भागवतावरचं भाष्य ओवीत लिहिलं आणि अभंगही रचले. कवीचं नाव बघून छंद ठरवायची सवय आधी सोडा.

अभंग सगळ्यांच्या कानावरचा, म्हणून त्यावर थोडक्यात. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण, अक्षरं ६-६-६-४. पाठ्यपुस्तकात याचं नाव देवद्वार छंद. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि त्यांचं एकमेकांशी यमक, म्हणजे देवीवर: ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले’. लहान अभंगावरून सहसा कुणी घसरत नाही. घसरगुंडी आहे ती मोठा अभंग आणि ग्रंथातली ओवी यांच्यामध्ये.

कारण उघड आहे. दोन्हींत चार चरण, आणि दोन्हींत चौथा आखूड. ज्ञानेश्वरांच्या ओवीला साडेतीन चरणी म्हणतात ते त्या आखडलेल्या चौथ्या चरणामुळे. पण ६-६-६-४ मध्येही चौथा आखूडच की! म्हणजे ‘शेवटचा चरण लहान, म्हणून ओवी’ हे उत्तर कामाचं नाही. मग लोक अक्षरं मोजायला बसतात आणि तिथे दुसऱ्या खड्ड्यात पडतात.

ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या: ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ पहिला चरण सहा अक्षरं, दुसराही सहा, चौथा चार. घाईतला विद्यार्थी इथेच थांबतो आणि देवद्वार लिहून मोकळा होतो. तिसऱ्या चरणात आठ अक्षरं आहेत, ती त्याने मोजलेलीच नसतात.

आता उलट बाजू. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ यात ६-६-६-४ अगदी चोख बसतं, म्हणून सगळी पुस्तकं हेच उदाहरण देतात. त्याच अभंगाच्या पुढच्या कडव्याकडे मात्र कुणी फिरकत नाही. ‘तुळसीहार गळा’ सात अक्षरं, ‘कासे पीतांबर’ सहा, ‘आवडे निरंतर’ पुन्हा सात. नुसत्या मोजणीवर भिस्त ठेवली तर हा तुकोबांचा अभंग नापास होईल.

म्हणून आधी यमक बघा, अक्षरं नंतर मोजा. ओवीत पहिल्या तिन्ही चरणांच्या शेवटी यमक जुळतं आणि चौथा मोकळा राहतो: आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या. मोठ्या अभंगात यमक सहसा फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं: विटेवरी, कटावरी. पुढच्या कडव्यात अक्षरं वाढली तरी पीतांबर-निरंतर ही जोडी जागच्या जागी आहे. थोडक्यात, बोट पहिल्या चरणाच्या शेवटावर ठेवायचं. तो यमकात सामील असेल तर बहुधा ओवी, नसेल तर अभंग.

हे दिसत नाही याला छपाईही जबाबदार आहे. अभंग दोन ओळींत छापतात, त्यामुळे पहिल्या चरणाचा शेवट ओळीच्या पोटात दडतो आणि चार चरणांचे दोनच वाटतात. उतरवून घेताना चरण स्वतः तोडा. मोजणी कागदावरच्या अक्षरांची करा, कानावर येणाऱ्या उच्चारांची नको. आपण आज ‘सुन्दर् ते ध्यान्’ असं म्हणतो, कानाला चारच ठोके ऐकू येतात. अक्षरं मात्र सहा आहेत. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. आणि अभंगावर लघू-गुरूच्या खुणा करू नका, कृपा करून. तो अक्षरछंद आहे, तिथे मात्रांचा हिशेब लागतच नाही. ओवीत अक्षरांची सक्ती नाही म्हणून तिला मुक्तछंद म्हणणारेही भेटतात. तीन चरणांना यमकाने बांधलेली रचना मुक्त कशी?

आता पसायदान. शाळेच्या प्रार्थनेत, कार्यक्रमाच्या शेवटी ते चालीवर म्हणतात, म्हणून सूत्रसंचालक बेधडक अभंग म्हणून मोकळे होतात. ‘आता विश्वात्मके देवे । येणे वाग्यज्ञे तोषावे । तोषोनि मज द्यावे । पसायदान हे’: अक्षरं ८-८-७-६, पहिल्या तिन्ही चरणांना यमक. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या या नऊ ओव्या. थोडं वाचलेला माणूस इथे आणखी एक मुद्दा काढतो: शेवटी ‘येणे वरे ज्ञानदेवो । सुखिया जाला’ अशी नाममुद्रा आहे ना? नाव आहे, कबूल. पण त्या ओवीतही विश्वेशरावो, दानपसावो, ज्ञानदेवो असं तिहेरी यमक आहे. शेवटी कवीचं नाव आलं एवढ्याने अभंग होत नाही. चाल लावली म्हणूनही होत नाही. बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद तर ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ११२९ सालीच आहे.

राहिला हिशेबाचा भाग. ओवी हे एकच कडवं असतं, अभंग ही अख्खी कविता. त्यामुळे ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या आणि तुकारामांच्या गाथेतले, म्हणजे अभंगसंग्रहातले, चार हजारांवर अभंग यांची तुलना करून ‘ज्ञानेश्वरांची रचना दुप्पट’ असं प्रबंधात लिहिणं म्हणजे विटा आणि घरं एकाच तराजूत घालणं. गाथेतली कडवी मोजतानाही सांभाळा: दुसऱ्या कडव्याला बहुधा आकडा नसतो, ‘ध्रु.’ असतं. शेवटी ४ छापलं असेल तर कडवी पाच.

अवतरण घेतानाही हा फरक नडतो. अभंग आपल्यापुरता पुरा असतो, ओवी पुढे वाहत जाते. ज्ञानेश्वरीत ‘जैसे’ने दृष्टांत सुरू होतो आणि त्याचं ‘तैसे’ कधी चार-पाच ओव्यांनंतर येतं. मधलीच एक सुंदर ओवी उचलली तर हाती दृष्टांत उरतो, मुद्दा मागेच राहतो. तेव्हा ‘तैसे’ सापडेपर्यंत वाचा, मग संदर्भ द्या. ओवीसाठी अध्याय आणि ओवी क्रमांक. अभंगासाठी क्रमांकाबरोबर गाथेची आवृत्तीही लिहा, कारण प्रत्येक गाथेत क्रमांक वेगळे असतात.